घर आधी की गाडी आधी?

तलमडुगूच्या परिसरात वाढलेल्या माणसास ‘फाटा’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. मोठ्या रस्त्यापासून गावाकडे जी वाट फुटते तो फाटा. तेथे गाडी थांबते, आणि तेथून पुढचे अंतर आपल्या पायांनी तोडावयाचे असते. पाऊस असो, डोक्यावर बाजाराचे गाठोडे असो, की कडेवर मूल असो, फाट्यापासून घरापर्यंतचा तो तुकडा कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नसतो. नवी नगरे वसविणारे मोठमोठे तज्ज्ञ गेली साठ-सत्तर वर्षे ज्या प्रश्नाशी झगडत आहेत, तो मुळात हाच आहे. हजारो कुटुंबांसाठी एके ठिकाणी घरे बांधावयाची ठरली, तर त्या घरांतील माणसांनी कामावर, शाळेत, दवाखान्यात आणि बाजारात जावे कसे? आणि ही सोय घरांच्या आधी करावी, घरांबरोबर करावी, की मागाहून? वाचकांस या विषयाची ओळख करून द्यावी असे आम्ही योजिले आहे.

विषय शहरी आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास आपल्या भागास नवा नाही. निजामाच्या राज्यात 1932 साली रेल्वेच्याच खात्यातून सरकारी मोटारगाड्यांची सेवा सुरू झाली. आरंभी तिच्याजवळ अवघ्या 27 गाड्या होत्या. मुंबई राज्यात सरकारी एस. टी. ची पहिली गाडी अहमदनगरहून पुण्यास निघाली ती 1 जून 1948 रोजी, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी. पुढे 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, किनवट व राजुरा हे तालुके आपल्या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले आणि आपण तेलुगू राज्यात राहिलो. तथापि बाजार, सोयरीक आणि शिक्षण यांच्या वाटा सीमेपाशी थांबल्या नाहीत. अशा प्रदेशात माणसाचे जग केवढे आहे, हे पुष्कळदा गाडी कोठपर्यंत जाते यावरून ठरते. शेवटची गाडी संध्याकाळी लवकर सुटत असेल, तर आदिलाबादच्या महाविद्यालयातील दुपारचा वर्ग असून नसल्यासारखाच होतो.

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. आदिलाबादेहून नंदीग्राम एक्सप्रेसने ज्यांनी मुंबई गाठली आहे, त्यांनी ठाणे स्थानकात वाशी-पनवेलकडे निघालेल्या स्थानिक गाड्या पाहिल्या असतील. त्या गाड्या जेथे जातात ते नवी मुंबई हे नगर आपोआप वाढलेले नाही. आधी कागदावर आखून मग जमिनीवर उतरविलेल्या जगातील मोठ्या नगरांपैकी ते एक होय. मुंबई हे समुद्रात शिरलेले चिंचोळे भूशिर. कचेऱ्या बहुतेक दक्षिणेच्या टोकाशी आणि राहण्याची जागा उत्तरेकडे, त्यामुळे सकाळी सारे शहर दक्षिणेकडे लोटते व सायंकाळी उत्तरेकडे परतते. हा लोंढा खाडीच्या पलीकडे, पूर्वेस वळवावा, अशी सूचना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी 1965 साली मांडली. शासनाने ती विचारात घेतली, आणि 17 मार्च 1970 रोजी या कामासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झाले. ठाणे व त्या वेळचा कुलाबा या दोन जिल्ह्यांतील 95 गावे, सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्र आणि वीस लक्ष लोकांची वस्ती, एवढा त्या योजनेचा पसारा होता.

या आखणीतील एक कल्पना समजून घेण्यासारखी आहे. सिडकोने एकच एक मध्यवर्ती शहर योजिले नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, कळंबोली, पनवेल अशी अनेक उपनगरे लोहमार्गाच्या दोऱ्यात मण्यांप्रमाणे ओवावयाची, प्रत्येक मण्याच्या मध्याशी स्थानक ठेवावयाचे, स्थानकाजवळ बाजार व कचेऱ्या, आणि त्यांच्या भोवती घरे, असा तो आराखडा. यात लाभ दुहेरी होता. माणूस घरातून पायी स्थानकावर पोहोचेल हा पहिला. आणि कामाची ठिकाणे अनेक मण्यांत वाटली गेल्याने गाड्या सकाळी एकाच बाजूस भरून व दुसऱ्या बाजूस रिकाम्या धावणार नाहीत, हा दुसरा. दोन्ही दिशांनी भरून धावणारी गाडी तितक्याच इंधनात व तितक्याच चालकांत जवळजवळ दुप्पट माणसे नेते. ही साधी गोष्ट नगररचनेच्या चर्चेत फार क्वचित ऐकू येते, याचे आम्हांस नवल वाटते.

परंतु दोरा आला कधी? खाडीवरील रस्त्याचा पूल 1973 साली वाहतुकीस खुला झाला. घरे उभी राहू लागली. बसगाड्यांसाठी सिडकोने आपली एक स्वतंत्र कंपनी काढली होती. ती 1980 च्या दशकात बंद पडली, आणि नवी मुंबई महानगरपालिकेची स्वतःची परिवहन सेवा सुरू झाली ती 1996 साली. लोहमार्ग खाडी ओलांडून मानखुर्दहून वाशीस पोहोचला तो मे 1992 मध्ये. पुढच्या वर्षी तो बेलापूरपर्यंत गेला, व 1998 पर्यंत पनवेलशी जोडला गेला. याचा अर्थ असा की सिडकोच्या स्थापनेच्या वर्षी जन्मलेले बालक, वाशीस पहिली स्थानिक गाडी आली त्या वर्षी बावीस वर्षांचे झाले होते. त्या बावीस वर्षांत जे तेथे राहावयास गेले, त्यांनी रोज पुलावरून बसने मानखुर्द-चेंबूरकडे जाऊन मग पुढची गाडी पकडावी, असा क्रम होता. पुष्कळांनी तो पत्करलाच नाही. राज्याचे मंत्रालय खाडीपलीकडे नेण्याची मूळ सूचना बाजूस पडली, उलट दक्षिण मुंबईतच समुद्र हटवून नरिमन पॉइंट येथे नव्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. काम जुन्या टोकाशी, घर नव्या टोकाशी आणि मध्ये खाडी, अशी त्या रहिवाशांची स्थिती झाली.

एवढा विलंब का व्हावा? केवळ आळसावर बोट ठेवून भागत नाही. आपल्याकडे म्हण आहे की, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. रेल्वे म्हणणार, प्रवासी दाखवा मग मार्ग टाकतो. रहिवासी म्हणणार, मार्ग दाखवा मग राहावयास येतो. ही अडचण शेवटी सुटली ती पैशाच्या वाटणीने. मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश भाग सिडकोने उचलला आणि उरलेला एकतृतीयांश रेल्वेने. रेल्वे घालणे हे सिडकोचे काम नव्हे, मग तिने एवढा भार का घ्यावा? कारण स्थानक आले की भोवतीच्या जमिनीची किंमत वाढते, आणि ती जमीन विकणारी संस्था सिडकोच होती. गाडीमुळे जी किंमत वाढली तिच्यातूनच गाडीचा खर्च काढावयाचा, हे त्यामागचे सूत्र. स्थानकांच्या इमारतीही याच हिशेबाने बांधल्या. वाशी व बेलापूर येथील स्थानके नुसती छपरे टाकलेले फलाट नाहीत; त्यांच्या डोक्यावर व अंगाशी मोठमोठ्या व्यापारी इमारती आहेत. याखेरीज या मार्गावरील तिकिटांवर अधिभार बसविण्यात आला, म्हणजे काही भार प्रवाशानेही वाहिला.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. जी जमीन गाडीमुळे महाग झाली ती मुळात कोणाची होती? आगरी, कोळी व इतर शेतकऱ्यांची. त्यांची भातशेते व मिठागरे शासनाने शेतीच्या भावाने घेतली होती. वाढलेल्या किमतीत आमचाही वाटा असावा, या मागणीसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी लढा दिला, आणि जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारांत पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याची योजना आली. नगराच्या नकाशावर रेषा ओढणाऱ्यास ती रेषा कोणाच्या तरी शेतातून जाते हे दिसावयास हवे. स्थानकाभोवतीच्या वाढीव किमतीचा हिशेब मांडणे ही अर्थशास्त्राची गोष्ट झाली. त्या हिशेबात गाववाल्याचे नाव कोठे लिहावयाचे, हे तेथे पाच माणसे गमावल्यावर ठरले.

पहिल्या मार्गाच्या अनुभवाने पुढील विलंब टळले असे मात्र म्हणता येत नाही. ठाण्याहून तुर्भे-वाशीकडे जाणारा मार्ग 2004 साली सुरू झाला. उरणकडील मार्गाचा खारकोपरपर्यंतचा पहिला भाग नोव्हेंबर 2018 मध्ये, आणि उरणपर्यंतचा उरलेला भाग 12 जानेवारी 2024 रोजी खुला झाला. बेलापूर ते पेंधर हा नवी मुंबई मेट्रोचा पहिला मार्ग लांबीने अवघा 11 किलोमीटर व 11 स्थानकांचा. त्याचे काम 2011 साली आरंभले आणि प्रवासी त्यात बसले 17 नोव्हेंबर 2023 रोजी. तळोज्याच्या बाजूस ज्यांनी मेट्रोच्या भरवशावर घर घेतले, त्यांची मुले या अवधीत प्राथमिक शाळेतून महाविद्यालयात गेली. घराचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, गाडी मात्र बारा वर्षांनी येते. मधल्या काळात खिशास जो खार लागतो तो रिक्षांच्या व दुचाकीच्या पेट्रोलच्या रूपाने, आणि तो कोणत्याही योजनेच्या खर्चपत्रकात दाखविलेला नसतो.

आता थोडे गणित करू. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन ते पडताळून पाहावे. पाच हजार घरांची एक वसाहत आहे असे समजा. घरटी साडेचार माणसे धरली तर वस्ती साडेबावीस हजार. त्यांपैकी एकतृतीयांश, म्हणजे साडेसात हजार, रोज सकाळी बाहेर पडतात. त्यांतील शंभरात चाळीस बसने जाऊ इच्छितात, म्हणजे तीन हजार. आणि ही सारी मंडळी सकाळच्या दोन तासांत निघतात. ताशी दीड हजार प्रवासी झाले. एका गाडीत बसून व उभे राहून साठ जण मावतात असे धरल्यास ताशी पंचवीस गाड्या हव्यात, म्हणजे दर अडीच मिनिटांस जवळजवळ एक! गाडीस जाऊन-येऊन, थांबे घेऊन व दोन्ही टोकांस विसावा घेऊन सव्वा तास लागत असेल, तर एकूण बत्तीस गाड्या रस्त्यावर लागतील, व दुरुस्तीसाठी आगारात तीन-चार राखीव. हे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक गावी ते निराळे निघतील. परंतु एक मोठी वसाहत बांधणे म्हणजे एक छोटेसे आगार बांधणे होय, हे या हिशेबावरून ध्यानात यावे. आगाराची जागा नकाशावर प्रथमच राखून ठेविली नाही, तर मागाहून ती मिळत नाही. तोवर तेथे इमारत उभी राहिलेली असते.

दुसरा हिशेब वाट पाहण्याचा. दर दहा मिनिटांनी गाडी असेल तर वेळापत्रक न पाहता थांब्यावर गेलेल्या माणसास सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. तासास एक गाडी असेल, तर तसे कोणी जात नाही. घड्याळ पाहून निघतो, आणि ती चुकली तर दिवसच चुकतो. म्हणून जाणकार म्हणतात की फेऱ्या कमी करून तिकीट स्वस्त ठेवण्यापेक्षा फेऱ्या वाढविणे प्रवाशास अधिक मोलाचे असते. आपल्या राज्यात 9 डिसेंबर 2023 पासून महालक्ष्मी योजनेखाली स्त्रियांस ‘पल्ले वेलुगु’ व एक्सप्रेस गाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येऊ लागला. ही सवलत मोठी खरी. आणि ज्या वाडीस दिवसातून दोनच फेऱ्या आहेत तेथे तिचा उपयोग दोनच फेऱ्यांपुरता आहे, हेही तितकेच खरे.

तिसरा हिशेब चालण्याचा. बसच्या थांब्यासाठी चारशे-पाचशे मीटर, आणि रेल्वेसाठी आठशे मीटरपर्यंत माणूस सहसा चालतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पण हे अंतर कावळ्याच्या उड्डाणाने मोजावयाचे नसते. मोठ्या वसाहतींना उंच भिंत व एकच फाटक ठेवण्याची अलीकडे चाल पडली आहे. खिडकीतून थांबा तीनशे मीटरवर दिसतो, आणि फाटकास वळसा घालून जावे तो नऊशे मीटर पायपीट होते. भिंतीला मागच्या अंगास एक लहानशी दिंडी ठेवली, तर खर्च जवळजवळ काहीच नाही व वाचणारे अंतर दोनतृतीयांश. मेट्रोवर हजारो कोटी खर्चिणाऱ्या नगरांतून ही दिंडी ठेवण्याचे सुचत नाही, यास काय म्हणावे!

परदेशात याहून चांगले काही घडले का, असे वाचक विचारतील. स्वीडनच्या राजधानीचे, स्टॉकहोमचे, उदाहरण बरेच बोलके आहे. त्या नगराने 1904 पासूनच शहराबाहेरील जमिनी विकत घेऊन ठेवल्या होत्या. त्यांपैकी एका भागात व्हेलिंगबी हे उपनगर वसविले, तेव्हा भुयारी रेल्वेचा मार्ग तेथे 1952 साली पोहोचला, आणि उपनगराच्या केंद्राचे उद्घाटन झाले 1954 साली. गाडी आधी, बाजार मागाहून. उंच इमारती स्थानकालगत आणि बैठी घरे त्यापलीकडे, अशी रचना केल्यामुळे जास्तीत जास्त माणसांस कमीत कमी चालावे लागले. काम, घर व बाजार तिन्ही तेथेच मिळावे अशीही योजकांची इच्छा होती. ती मात्र पुरती सफल झाली नाही, तेथेच राहून तेथेच काम करणारे अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी निघाले. तरीही रहिवाशांची गाडी चुकली नाही, कारण ती पहिल्या दिवसापासून दारात होती.

भुयारी रेल्वे श्रीमंत देशांसच परवडते, अशी शंका घेणाऱ्यांसाठी ब्राझील देशातील कुरितिबा हे नगर आहे. तेथे 1974 साली रस्त्याच्या मधोमध केवळ बसगाड्यांसाठी राखलेली वाट सुरू झाली. रेल्वेपेक्षा तिचा खर्च फारच थोडा. त्यातील खरी खुबी बसगाड्यांत नसून बांधकामाच्या नियमांत होती: उंच इमारती त्या वाटेच्या दुतर्फाच बांधावयाच्या, इतरत्र नाहीत. म्हणजे माणसे जेथे दाट तेथेच गाड्या दाट. आपल्याकडे बहुधा उलट होते. स्वस्त जमीन जेथे मिळेल तेथे घरे बांधतात, आणि मग गाडीने त्यांचा शोध घेत हिंडावे अशी अपेक्षा करतात. स्वस्त म्हटलेली ती जमीन तेथे राहणाऱ्यास पुढे रोज थोडीथोडी महाग पडत जाते.

या सर्व हिशेबांत स्त्रियांचा प्रवास वेगळा मांडावयास हवा. पुरुष बहुधा सकाळी एकदा जातो व सायंकाळी परततो. नकाशे व वेळापत्रके त्याच्या सोयीने बनतात. घरच्या बाईचा प्रवास तुकड्यांचा असतो: मुलास शाळेत सोडणे, दवाखाना, बाजार, चार घरची कामे, पुन्हा शाळा. तो आखूड असतो, दुपारचा असतो, आणि हातात काहीतरी ओझे असते. दुपारी अकरा ते चार फेऱ्या कमी करणारे वेळापत्रक कागदावर बचत दाखविते, आणि तिला रिक्षाचे भाडे भरावयास लावते. नव्या वसाहतीत घर मिळाल्यानंतर जुन्या वस्तीजवळचे काम ज्या बायकांना सोडावे लागते, त्यांच्या बाबतीत घरातील मिळकत घटते, आणि तीही घर मिळाल्याच्या आनंदाच्या वर्षातच.

आपल्या भागातही नव्या वसाहती गावकुसाबाहेर उभ्या राहत आहेत. त्या मुंबईच्या मानाने लहान आहेत म्हणून प्रश्न लहान होत नाही. पन्नास घरांची ओळ फाट्यापासून दोन किलोमीटर आत गेली, तर त्या पन्नास घरांपुरता तो प्रश्न तेवढाच मोठा. म्हणून वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस आम्ही एक काम सुचवितो. आपापल्या वस्तीपासून गाडीच्या थांब्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजावे. पहिली व शेवटची गाडी कोणत्या वेळी आहे ते लिहून घ्यावे. शेजारच्या दहा घरी विचारावे की कोण, कोठे, कोणत्या वेळी जातो, आणि गाडी नसल्यामुळे कोणाचे काय राहिले. कापसाच्या हंगामात व पावसाळ्यात हे उत्तर बदलते, तेव्हा दोनदा विचारावे. असा कागद हाती असला, तर फेरीची वेळ बदलून द्या किंवा थांबा वाडीजवळ आणा, असा अर्ज आगाराच्या व्यवस्थापकाकडे ग्रामपंचायतीमार्फत पाठविता येतो. आणि नुसत्या गाऱ्हाण्यापेक्षा मोजलेल्या पावलांच्या अर्जास उत्तर देणे कोणत्याही कचेरीस अधिक जड जाते. शेवटच्या गाडीची वेळ प्रथम विचारावी, कारण संध्याकाळचा वर्ग, दुकानातील नोकरी आणि दवाखान्यातील भेट, तिन्ही तिच्यावर अवलंबून असतात.